परागंदा धावपटूचे नाव

खेळाचा संघ काढायचा म्हटले की पहिला वाद नावावरून होतो. कोणी राजाचे नाव सुचवतो, कोणी देवाचे, तर कोणी वाघ-सिंहाचे. ग्रीस देशातील क्रीट बेटावर, हेराक्लिऑन या बंदराच्या शहरात, 1929 साली एक क्रीडा मंडळ निघाले. त्या मंडळींनी नाव निवडले ते गाव सोडून जावे लागलेल्या एका माणसाचे. एर्गोटेलिस हे ते नाव.

कोण हा एर्गोटेलिस? सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा धावपटू. हेराक्लिऑनच्या अगदी शेजारी नोसोस हे प्राचीन नगर होते. तो तिथला. नगरात दुफळी माजली आणि तो देशोधडीला लागला. पार सिसिली बेटावरच्या हिमेरा नगराने त्याला आसरा दिला, आपला नागरिक मानले. इ.स.पूर्व 472 साली ऑलिंपिकमधील लांब पल्ल्याची शर्यत त्याने जिंकली, पण विजेता म्हणून पुकारा झाला तो हिमेराचा! पिंडार या थोर कवीने त्याच्यावर स्तुतिकाव्य रचले. गाव सुटले नसते तर या पायांची कीर्ती घरातच विरली असती, असा त्याचा आशय आहे.

आता मंडळाकडे वळू. पिवळा आणि काळा हे त्याचे रंग. फुटबॉलबरोबर धावण्याच्या शर्यतींसारखे इतर खेळही तिथे शिकवले जातात. शहराच्या जुन्या तटबंदीच्या मार्टिनेंगो बुरुजावर त्यांचे मैदान आहे. त्याच बुरुजावर निकोस काझांत्झाकिस या जगप्रसिद्ध लेखकाची समाधी आहे.

शहरात 1925 साली निघालेला ओएफआय हा संघ आधीपासून होता. त्याच्या सावलीत एर्गोटेलिसने वर्षानुवर्षे काढली. देशाच्या पहिल्या श्रेणीत पोचायला त्यांना तब्बल 75 वर्षे लागली. 2004 साली ते स्वप्न साकार झाले आणि पुढच्याच वर्षी संघ खाली घसरला! 2006 साली पुन्हा वर आला, सहा वर्षे टिकला. 2012 ला खाली, 2013 ला वर, 2015 ला पुन्हा खाली. शेवटी पैशाची चणचण इतकी झाली की जानेवारी 2016 मध्ये चालू स्पर्धेतूनच संघाला माघार घ्यावी लागली.

सारे संपले, असेच कोणालाही वाटले असते. पण व्यावसायिक संघ बुडाला तरी मूळ हौशी मंडळ जागेवर होते. त्याने तिसऱ्या श्रेणीतून नव्याने सुरुवात केली आणि 2017 साली आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवून वरची पायरी गाठली.

पैशावर उभा राहिलेला संघ पैशाबरोबर जातो. मंडळ मात्र उरते, कारण ते रोज मैदानावर येणाऱ्या पोरांवर उभे असते. आणि त्या पोरांच्या छातीवर नाव कोणाचे? ज्याला या मातीत जागा उरली नव्हती, त्याचे. नोसोस नगराचे आज अवशेष तेवढे उरले आहेत. त्याने घालवून दिलेल्या माणसाचे नाव मात्र शेजारच्या मैदानावर अजून धावते आहे.