फुटूं द्या ते बैल

"आमच्या लहानपणचीं खेळणीं आतां कोठें राहिलीं!" असे उसासे टाकणाऱ्या सुशिक्षित गृहस्थांस आमचा सरळ प्रश्न आहे : तीं राहावींत तरी कां? अन्यत्र श्रावण अमावास्येस पोळा होतो; कोल्हापुराकडे आषाढांत बेंदूर येतो. ज्यांच्या दारीं गुरें नाहींत, त्या घरीं कुंभाराकडील मातीच्या बैलजोडीची पूजा होते; पूजा आटोपली कीं देवाचे बैल मुलांचे होतात. चार दिवसांत एकाचें शिंग मोडतें, दुसऱ्याचा पाय. पुढील आषाढांत नवी जोडी येते. कुंभारास गिऱ्हाईक मिळतें तें या मोडण्यामुळेंच! पुढें एखाद्या वर्षीं मुलगा जोडी मागावयास विसरतो. तो मोठा झाला, इतकेंच. यांत शोक करण्याजोगें काय आहे?

शोक करावयाचा तो निराळ्याच गोष्टीचा. हेच गृहस्थ ती जोडी कांचेच्या कपाटांत ठेवितात आणि नातवास बजावतात, "हात लावूं नको, फुटेल!" ज्या बाळपणासाठीं ते अश्रू ढाळतात, तें त्यांच्याच घरीं कपाटाबाहेर हिरमुसलें होऊन उभें असतें. महाराज, कपाट उघडा. बैल फुटला तर फुटूं द्या. कुंभाराच्या अंगणांतली माती अद्यापि सरलेली नाहीं.