दुसरी कॉपी कुठवर पोचली?

राजेहो, शेअर बाजार म्हणजे मुंबईवाल्यांचं काम, असं आता कुणी म्हणू नये. अमरावतीच्या राजापेठेत नाहीतर अकोल्याच्या टिळक रोडवर कटिंग पिताना शेजारच्याच्या मोबाइलमध्ये डोकावा, लाल-हिरव्या कांड्या दिसतीलच. त्यामुळे 24 फेब्रुवारी 2021 ला घाम मुंबईइतकाच वऱ्हाडातही फुटला होता.

बुधवार होता, दुसऱ्या दिवशी मंथली एक्स्पायरी. सकाळी 11.40 ला एनएसईवरचं ट्रेडिंग थांबलं. ‘‘काऊन बे, ॲप गंडलं काय?’’ अकोल्याच्या मामेभावाचा मला फोन. ॲप ठणठणीत होतं, गंडलं होतं ते पार मागचं. एनएसईच्या मुख्य डेटा सेंटरपासून जवळच्या डीआर साइटपर्यंत दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइन्स होत्या. रस्त्यातल्या खोदकामामुळे त्या डळमळल्या. दुसऱ्या साइटला कॉपी पाठवणारी स्टोरेज सिस्टीम खरंतर लाइन गेली तरी मुख्य जागी चालू राहायला हवी होती. ती सर्व्हर्सना दिसेनाशीच झाली आणि क्लिअरिंगची रिस्क मॅनेजमेंट सिस्टीमही बसली. म्हणजे संकटात वाचवायला ठेवलेली कॉपीच संकट घेऊन आली!

हा फंडा नीट समजून घ्या. कॉपी करायचे दोन प्रकार. सिंक्रोनस म्हणजे पलीकडून ‘लिहिलं’ असा निरोप आल्याशिवाय इकडचा सौदा पुढे सरकत नाही. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण 2 लाख किलोमीटर धावतो. अमरावती-अकोला 100 किलोमीटर धरलं तर जाऊन-येऊन एक मिलिसेकंद, चालतंय. एनएसईची लांबची डीआर साइट मात्र चेन्नईत. तिथे एका फेरीलाच 10 मिलिसेकंदांच्या वर, आणि तेही प्रत्येक नोंदीला. म्हणून एवढ्या अंतरावर सहसा असिंक्रोनस: इकडे काम सुरू, कॉपी मागून येते. किती मागून? तेच तर बघत बसायचं असतं.

मामेभाऊ स्वतः एका कंपनीत हेच बघतो. त्याच्या स्क्रीनवर तीन आकडे कायम उघडे: लॅग किती सेकंदांचा, न पाठवलेला डेटा किती साचला आणि लाइनवर एका फेरीला किती वेळ लागतो. ‘‘ॲव्हरेज पाहू नको बावा,’’ तो म्हणतो. दिवसभराची सरासरी मस्त दिसते, पण घोळ सकाळी सव्वानऊच्या गर्दीत होतो, नोंदी धडाधड येतात आणि लाइन पुरत नाही. शिवाय पूर्ण मेलेली लाइन परवडली, चालू-बंद चालू-बंद करणारी नाही. मेलेली लगेच कळते तरी.

(खोदकामाबद्दल आपण काय बोलावं? जून 2022 मध्ये अमरावती-अकोला हायवेवर 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून आपण गिनीज रेकॉर्ड केला. तेवढ्या वेगाने कुणी खोदायला लागलं तर केबलवाल्यांचं अवघड आहे.)

त्या दिवशी बीएसई सुरू होतं. बऱ्याच ब्रोकर्सनी ग्राहकांचे इंट्राडे सौदे साडेतीनच्या आत तिथे मिळेल त्या भावाला कापले. एनएसई सुरू झालं 3.45 ला आणि पाचपर्यंत चाललं. ज्यांचे सौदे आधीच कापले गेले त्यांना हे वाढीव सत्र काय कामाचं? टीव्हीवर ‘टेक्निकल ग्लिच’ म्हणून विषय संपवतात, पण ज्याचे पैसे गेले त्याचं काय, हा माझा प्रश्न आहे.

मार्च 2021 मध्ये सेबीने नियम आवळले. यंत्रणा बिघडली तर 30 मिनिटांत ‘डिझास्टर’ जाहीर करा, मग 45 मिनिटांत डीआर साइटवर जा, आणि डेटाचं नुकसान 15 मिनिटांपेक्षा जास्त नको. 2023 मध्ये एनएसई आणि तिच्या क्लिअरिंग कंपनीने 70 कोटींहून अधिक रक्कम भरून हे प्रकरण सेटल केलं.

2 मार्च 2024 च्या शनिवारी तर बाजार मुद्दाम उघडला: 9.15 ते 10 मुख्य साइटवरून आणि 11.30 ते 12.30 डीआर साइटवरून, खऱ्या पैशांनी. तुमच्या ऑफिसातल्या आयटीवाल्याला सोमवारी चहा पाजा आणि ‘बॅकअप आहे का’ असं विचारू नका, तो हो म्हणणारच. दुसरी कॉपी आत्ता किती मिनिटं मागे आहे आणि तिच्यावरून शेवटचं काम कधी चालवलं, ते विचारा.