दुसरा नांगर

हिंगोली जिल्ह्यात नांगर म्हटला की काळी जमीनच डोळ्यांपुढे येते. परंतु पूर्णेवरील सिद्धेश्वर आणि पैनगंगेवरील इसापूर या जलाशयांवर दुसऱ्या नांगरालाही काम आहे : वाऱ्यात होडी धरून ठेवण्याचे. शेतातला फाळ झिजलेला सर्वांना दिसतो. पाण्यातला नांगर गंजलेला कोणालाच दिसत नाही. गोडे पाणी खाऱ्याइतके लोखंड खात नाही, हे खरे. तरी ओल आणि हवा मिळाली की गंज चढतोच. साखळीच्या कड्या जेथे एकमेकींवर घासतात तेथे रंग टिकत नाही आणि साखळी तेथेच दगा देते.

गाळ धुऊन नांगर वाळविणे, गंज खरवडून रंग देणे, झिजलेली कडी बदलणे, हे उपाय साधे आहेत. जस्ताचा मुलामा अधिक टिकतो, कारण जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचविते. मात्र तो खर्च एकट्या मच्छीमाराने का सोसावा? उन्हाळ्यात पाणी उतरताच नांगरांची तपासणी आणि दुरुस्ती मच्छीमार सहकारी संस्थांनी सामाईक खर्चाने केली पाहिजे. सहकार म्हणजे केवळ मासळीची विक्री नव्हे. श्रमिकाच्या हत्याराची आणि जिवाची राखण हेही त्याचेच कर्तव्य होय.