पब म्हणजे गुत्ता नव्हे

इंग्रजी कादंबरीत ‘पब’ आला, की ‘गुत्ता’ म्हणून मोकळे होण्याची सवय आपल्या वर्गांतून रुजली आहे. तिला आमचा आक्षेप आहे.

इंग्लंडमधल्या खेड्यातल्या पबमधले रविवारचे दुपारचे जेवण पाहावे. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे एका लांब मेजाभोवती; ताटात भाजलेले मांस, बटाटे, नावात पुडिंग असूनही गोड नसलेले यॉर्कशर पुडिंग. कोणापुढे बिअर, कोणापुढे सरबत. गुत्त्यावर कोणी सहकुटुंब जेवायला जातो काय?

‘पब्लिक हाउस’ या मूळ नावातच सार्वजनिकता आहे. जॉर्ज एलियटच्या ‘सायलस मार्नर’मध्ये (१८६१) पंधरा वर्षे गावापासून तुटून राहिलेला विणकर चोरी होताच ‘रेनबो’ पबकडे धावतो. कारण गाव तिथे भेटते. ‘गुत्ता’ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला वाटते, दुःख बुडवायला गेला. कथेचा सांधाच निखळतो.

मात्र या मेजाला सनातन परंपरा म्हणून ओवाळणेही नको. ‘रेनबो’तही प्रतिष्ठितांची बैठक वेगळी होती, आणि इंग्लंड-वेल्समध्ये रविवारी दुपारभर पब उघडे ठेवण्याची सरसकट मुभा १९९५ साली मिळाली.

‘पब’ हाच शब्द ठेवला तर पुण्या-मुंबईतला रात्रीचा गोंगाट आठवेल, असे कोणी म्हणेल. तो गैरसमज शिक्षकाच्या एका वाक्याने दूर होतो. ‘गुत्ता’ मात्र वाचण्याआधीच निकाल देतो. त्या मेजावर कोण बसते आणि कोण बसत नाही, हा प्रश्न मग वर्गात उरतच नाही.