विश्लेषण : मेन स्विच बंद, तरी छतावर वीज कशी? सौरसंच सुरक्षितपणे कसा बंद करावा?

जळगाव, भुसावळ, धुळे भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कूलर, पंख्यांमुळे वीजबिल फुगते आणि म्हणूनच घरांच्या छतांवर सौरपॅनेल वाढत आहेत. मात्र पावसाळ्यापूर्वीची दुरुस्ती, पत्र्यांची डागडुजी, पाण्याच्या टाकीचे काम यासाठी छतावर चढणाऱ्या कारागिराला एक गोष्ट अनेकदा माहीत नसते. आता या घरात वीज दोन बाजूंनी येते.

छतावरील सौरसंच का वाढले?

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर : मुफ्त बिजली योजना’ सुरू झाली. देशातील एक कोटी घरांचे उद्दिष्ट आणि ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद तिच्यात आहे. दोन किलोवॉटपर्यंत प्रतिकिलोवॉट ३० हजार, तर तीन किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचासाठी ७८ हजार रुपये केंद्रीय अनुदान मिळते. धुळे जिल्ह्यातील साक्रीचा महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प प्रशिक्षित अभियंत्यांच्या हाती असतो. घराच्या छतावरचा प्रकल्प मात्र घरमालकाच्या भरवशावर असतो. फरक इथेच आहे.

मेन स्विच बंद केल्यावर काय होते?

नेहमीच्या घरगुती संचातील इन्व्हर्टर महावितरणची वीज गेली की आपोआप थांबतो. याला ‘अँटी-आयलंडिंग’ म्हणतात. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांनुसार तो दोन सेकंदांत थांबायला हवा. पण इन्व्हर्टर थांबला म्हणजे पॅनेल थांबले असे नाही. ऊन आहे तोवर पॅनेलपासून डीसी आयसोलेटरपर्यंतच्या तारांत दाब कायम असतो. एका मोठ्या पॅनेलचा दाब साधारण ४० ते ५० व्होल्ट. सहा पॅनेल एकापुढे एक जोडले की तो २५० ते ३०० व्होल्टवर जातो. शिवाय अनेक घरांत सौरसंचाची जोडणी मीटर आणि घराचा मेन स्विच यांच्यामध्ये असते. तिथे मेन स्विच पाडला तरी मीटरच्या बाजूला संच सुरूच राहतो.

डीसी वीज अधिक धोकादायक का?

घरातील एसी वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसी विजेला असा विसावा नाही. भर उन्हात, प्रवाह सुरू असताना पॅनेलचा कनेक्टर ओढला तर ठिणगीची कमान तयार होते, ती टिकते आणि त्यातून हात भाजण्याचा, आग लागण्याचा धोका असतो. वायरमनच्या खिशातला टेस्टर इथे विश्वासार्ह नाही. तो पेटला नाही म्हणजे तार मृत आहे, असे समजू नये. त्यासाठी डीसी दाब मोजणारा योग्य क्षमतेचा मीटरच हवा.

बंद करण्याचा क्रम कोणता?

आधी एसी बाजू, मग डीसी बाजू. सौरसंचाच्या एसीडीबी पेटीतील ब्रेकर आधी पाडावा. त्यामुळे इन्व्हर्टर वीज ओढणे थांबवतो आणि डीसी प्रवाह जवळपास शून्यावर येतो. त्यानंतर डीसी आयसोलेटर बंद करावा. इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये साठलेला दाब उतरेपर्यंत त्यावर लिहिलेला अवधी, सहसा किमान पाच मिनिटे, थांबावे. दोन्ही स्विचना कुलूप आणि ‘काम सुरू आहे’ असा फलक लावावा. मग मीटरने तपासावे आणि नंतरच हात लावावा. सुरू करताना संचाच्या पुस्तिकेतील क्रम पाळावा. घरमालकाने स्विच बंद करण्यापर्यंतच थांबावे. पेटी उघडणे, कनेक्टर सोडणे हे परवानाधारक इलेक्ट्रिशियनचे काम आहे. पॅनेलच्याच तारांवर काम असेल तर ते सूर्यास्तानंतर, पुरेशा उजेडाची सोय करून करणे अधिक सुरक्षित.

लाइनमनचा यात काय संबंध?

खांबावर चढलेल्या महावितरणच्या जनमित्राच्या दृष्टीने लाइन बंद असते. पण एखाद्या घरातील बॅटरीचा हायब्रीड इन्व्हर्टर किंवा जनरेटर चुकीच्या पद्धतीने जोडलेला असेल, तर वीज उलटी लाइनवर जाऊ शकते. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. घराकडून आलेला कमी दाब पलीकडे ११ हजार व्होल्टपर्यंत चढू शकतो. म्हणूनच २०१३ च्या नियमांत उघडलेला संपर्क डोळ्यांना दिसेल, कुलूप लावता येईल आणि वीज कर्मचाऱ्याला २४ तास हाताशी येईल असा स्विच अपेक्षित आहे. तो कुलूपबंद जिन्यात किंवा माळ्यावर असेल तर नियमाचा हेतूच उरत नाही.

इतर देशांत काय व्यवस्था आहे?

अमेरिकेच्या विद्युत संहितेत इमारतींवरील संचासाठी ‘रॅपिड शटडाउन’ची तरतूद २०१४ पासून आहे. २०१७ च्या आवृत्तीनुसार स्विच दाबल्यावर ३० सेकंदांत पॅनेलच्या परिसरातील दाब ८० व्होल्टच्या आत यावा लागतो. छतावर चढणाऱ्या अग्निशमन जवानांचा विचार त्यामागे आहे. आपल्याकडील साध्या संचात ही सोय सहसा नसते. त्यामुळे माणसाने पाळलेला क्रम हेच मुख्य संरक्षण ठरते.

घरमालकाने आज काय करावे?

संच बसवणाऱ्याकडून जोडणीचा आराखडा मागून घ्यावा. तो मराठीत, स्विचच्या क्रमासह मीटरजवळ चिकटवावा. मीटर बोर्डावर ‘सौरसंच आहे, दोन बाजूंनी वीज’ अशी पाटी लावावी. बॅटरी असेल तर तेही लिहावे. रंगारी, प्लंबर, केबलवाला छतावर जाण्यापूर्वी त्याला तारा दाखवाव्यात. वादळात पॅनेल उखडले किंवा तार तुटली तर जवळ न जाता संच बसवणाऱ्याला कळवावे. लाइनचा धोका असेल तर १९१२ या क्रमांकावर महावितरणला सांगावे. अनुदानाच्या अर्जासाठी आपण जितकी कागदपत्रे जमवतो, त्यात या एका कागदाची भर पडली तर एखाद्याचा जीव वाचू शकतो.