पतसंस्थेचा सर्व्हर कुठे ठेवावा?

आमच्या पतसंस्थेच्या संचालकांना सगळंच क्लाउडवर न्यायचंय. हिशेबनीस म्हणून माझा या सरसकट स्थलांतराला विरोध आहे. ठेवी-कर्जांच्या नोंदींचा भार रोज जवळपास सारखाच. त्यासाठी ताशी भाडं कशाला? ऑफिसातला सर्व्हर ते बिनबोभाट करतो. मार्चअखेर व्याजआकारणी आली की मात्र तो धापा टाकतो, तेवढ्यापुरती ताकद भाड्याने घ्यावी. बॅकअप तर बाहेरच हवा. आमचा सर्व्हर तळमजल्यावर आहे आणि २०१९चा महापूर सांगलीकर विसरलेले नाहीत. अ‍ॅमेझॉनचं मुंबईतलं क्लाउड केंद्र २०१६पासून सुरू आहे, बॅकअप तिथे ठेवला तर डेटा देशातच राहील. अशा मिश्र मांडणीला हायब्रिड म्हणतात. क्लाउड सेवा विकणाऱ्या विक्रेत्याला ती आवडत नाही, साहजिकच आहे. उद्या डेटा परत काढायचा झाला तर शुल्क किती, हा आकडा त्याच्या कोटेशनात शोधूनही सापडला नाही. तो लेखी आल्याशिवाय अध्यक्षांनी सही करू नये.