चैत्रगौरीचे हळदीकुंकू आणि स्वयंपाकघराचे दार

चैत्र लागला की दांडिया बाजारातल्या जुन्या मराठी घरांतून कैऱ्यांचा वास येऊ लागतो. शुद्ध तृतीयेला गौर झोपाळ्यावर बसते, ती अक्षय्यतृतीयेपर्यंत. त्या महिन्यात एखादा मंगळवार वा शुक्रवार धरून हळदीकुंकू करावयाचे. पायऱ्यांवर मांडलेली आरास, कलिंगडाची कमळे, वाटली डाळ, पन्हे, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, हातावर अत्तर आणि वर गुलाबपाण्याचा शिडकावा. बडोद्याच्या उन्हाळ्यात तो शिडकावा काय सुख देतो, ते येथे राहणारासच कळावे! शेजारच्या गुजराती भगिनीही येतात. डाळीत साखर कमी पडली, हे त्यांचे मत दरवर्षी ऐकून घ्यावे लागते.

हे सारे आता पुरे झाले, असे म्हणणारे घरोघर आहेत. मला तसे वाटत नाही. नव्याने बिऱ्हाड केलेली मुलगी एका संध्याकाळी वीस घरांच्या ओळखीची होते. कोणाकडे आजारपण आहे, शिकवणी कोण घेते, हे तेथेच कळते.

पण एक गोष्ट खुपते. आमच्या घरची डाळ काकू करीत. कैऱ्या किसण्यापासून हिंग-मोहरीच्या फोडणीपर्यंत सारे त्यांचेच हात. बायका येऊ लागल्या म्हणजे त्या स्वयंपाकघराचे दार ओढून घेत. "डाळ कोणी केली हो?" असे कोणी विचारी, आणि आई माझी नजर चुकवी. विधवा काकूंना कोणी हाकलले नव्हते, अशी आम्ही आमची समजूत घालीत आलो. बोलावलेही नव्हते.

ज्या संस्थानाने १९०६ साली मुलींसह सर्वांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, ज्याच्या महाराणी चिमणाबाई १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या, त्या नगरीतल्या माजघरांची ही कथा. शाळेची वाट मोकळी झाली, गौरीपुढची नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा आम्ही कौतुक केले. आमंत्रणाची यादी मात्र जुनीच काढली.

गौर म्हणजे माहेरी आलेली लेक. लेक आली म्हणून घरातल्या कोणत्या बाईला आत बसवतात? वडीलधाऱ्या स्वतःच नको म्हणतात, हे खरे. काकूही म्हणाल्या असत्या. म्हणून तर एकदा विचारून थांबू नये.

यंदा शेजारच्या वाड्यातल्या आजींना मी दोनदा सांगून आले आहे. डाळ तुमच्या हातची, आणि पहिले कुंकूही तुम्हालाच. त्या अजून "बघू" म्हणताहेत. त्या आल्या तर चार बायका कदाचित येणार नाहीत. थोडी डाळ उरेल, इतकेच.